सात घोडे आणि सेवाज्येष्ठता

काम सुरू कसं करावं याबद्दल आपल्याकडे मुहूर्तापासून नारळापर्यंत सगळी व्यवस्था आहे. काम संपल्यावर जागेवरून निघून कसं जावं याबद्दल मात्र शास्त्रं गप्प आहेत. त्यामुळेच समारंभाचे अध्यक्ष, लग्नातले लांबचे पाहुणे आणि निवृत्त वडील हे तीन प्रश्न समाजाला आजवर सुटलेले नाहीत. चौथा प्रश्न भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात उभा राहिला. तो एका मशीनचा होता आणि त्याची जबाबदारी तिसऱ्या प्रश्नाकडे सोपवण्यात आली.

गाळा यतीन म्हाप्रळकरचा. आत एक सीएनसी मशीन होतं. म्हणजे एक भलंमोठं टेबल, टेबलावर आडवा पूल, पुलाला लटकलेलं डोकं आणि डोक्याच्या तोंडात पेन्सिलीएवढं गरगर फिरणारं पातं. टेबलावर लाकडाचा तक्ता ठेवायचा, कॉम्प्युटरवरून नक्षी द्यायची, की डोकं इकडून तिकडे फिरून ती नक्षी कोरून काढतं. देवघरांच्या जाळ्या, दारावरच्या पाट्या, टीव्हीमागची पॅनेलं असं सगळं तिथून मीरा रोडच्या घराघरांत जाई.

मशीन गुणी होतं, पण त्याला एक खोड होती. काम संपलं की डोकं शेवटचा काप घेतलेल्या ठिकाणीच उभं राही, बरोबर तक्त्याच्या डोक्यावर. मग म्हसळ्याचा महिपत, जो ते मशीन चालवी, तक्ता खालून ओढून काढी, आणि ओढताना पातं मोडे. टेबलाच्या एका कोपऱ्याला मशीनवाले 'होम' म्हणतात. काम झाल्यावर डोकं तिथं नेऊन ठेवायचं असतं. त्याला एक बटण असतं. महिपतला मशीनमधलं सगळं लक्षात राही, फक्त ते बटण राहत नसे. (तोवर त्याला चहा आठवलेला असे.)

तेव्हा यतीनने हे बटण आपल्या वडिलांकडे दिलं.

काशीनाथ म्हाप्रळकर हे एका महामंडळाच्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या आधी आणि कोणाला मूळ पदावर कधी परत पाठवायचं, यात त्यांची हयात गेली होती. बटण हातात येताच त्यांना प्रकरणाचं स्वरूप कळलं. मशीनचं डोकं लाकडावर जातं ती प्रतिनियुक्ती. काम संपल्यावर कोपऱ्यात येतं ते मूळ पदावर रुजू होणं. आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय कुणी मूळ पदावर रुजू होतं का?

कार्यपद्धती ठरली. काम संपलं की महिपतने मशीनपासून दोन पावलं मागे सरून म्हणायचं, "साहेब, काम झालं." काशीनाथांनी विचारायचं, "झालं?" महिपतने म्हणायचं, "झालं." मग काशीनाथांनी चष्मा पुसून, तक्त्याकडे पाहून विचारायचं, "पूर्ण झालं?" महिपतने म्हणायचं, "पूर्ण झालं." त्यानंतर बटण. डोकं सर्रकन कोपऱ्यात जाई आणि काशीनाथ खुर्चीत मागे रेलत. पातं मोडायचं थांबलं. कार्यपद्धतीला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

दिवसातून असं काम फार तर पाचसहा वेळा निघे. म्हणजे काशीनाथांचं प्रत्यक्ष कामकाज सगळं मिळून एक कप चहा निवण्याइतका वेळ चाले. (महामंडळाच्या सरासरीपेक्षा हे जास्तच होतं.) उरलेला दिवस ते बटणाशेजारी बसून राहत, कारण बटण सोडून जाता येत नाही.

आणि दिवस काढणं हीच तर गोष्ट होती. परळची खोली विकून म्हाप्रळकर मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला आले, तेव्हाच त्या घराची सत्ता हंसाबाईंकडे गेली होती. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हॉलमध्ये हंसाबाईंचा आरीकामाचा क्लास चाले. आजूबाजूच्या बायका आणि मुली ताणून बसवलेल्या ब्लाउजच्या कापडावर आकड्याच्या सुईने मणी आणि जर भरत. निवृत्तीनंतरचे पहिले काही दिवस काशीनाथ घरी होते. त्यांनी त्या हॉलमध्ये हजेरी घेतली, उशिरा येणारीला कारण विचारलं, आणि एका नवरीच्या ब्लाउजवरचा मोर अपूर्ण असल्याबद्दल शेरा मारला. मोर पूर्ण होता. तो बसलेला होता.

"तुम्ही घरी असलात की माझ्या पोरी सुई बोटात टोचून घेतात," हंसाबाई म्हणाल्या. "घर तुमचंच आहे. फक्त दिवसा नको."

तेव्हापासून गाळ्यातली खुर्ची ही काशीनाथांची या भूतलावरची दिवसाची एकमेव जागा होती. हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढे जे घडलं त्याला मूर्खपणा म्हणायची जीभ होणार नाही, निदान पटकन तरी.

एके दिवशी यतीनची बायको स्वप्नाली म्हणाली, "बाबा, तुम्हाला रोज उगाच त्रास होतोय. प्रोग्रामच्या लास्टला दोन ओळी टाकल्या ना, की मशीन प्रत्येक कामानंतर आपलं आपण होमला जाईल. बटण दाबायलाच नको."

मशीन यतीनचं असलं तरी मशीनला कळणारी भाषा स्वप्नालीची होती. नक्ष्या ती काढी, प्रोग्राम ती लिही. तिने हे वडिलांसारख्या सासऱ्याच्या काळजीने सांगितलं होतं. म्हणूनच काशीनाथांना भीती वाटली, साधी आणि सरळ. दोन ओळींत आपण संपतो, ही गोष्ट त्यांना महामंडळानेसुद्धा इतक्या थोडक्यात कळवली नव्हती. (तिथे निरोपाचं पत्र सव्वा पान होतं.)

पण मुरलेला माणूस विरोध करत नाही. तो स्वागत करतो.

"फारच स्तुत्य," काशीनाथ म्हणाले. "तत्त्वतः मान्य. फक्त बारीकसारीक मुद्दे आहेत तेवढे बसून घेऊ."

मुद्दे बसून घेण्यासाठी समिती झाली. अध्यक्ष काशीनाथ, सदस्य यतीन (बहुधा टेम्पोवाल्याशी फोनवर), विशेष निमंत्रित महिपत. समितीपुढे प्रश्न आले. मशीन परतीच्या वाटेवर असताना वीज गेली, तर ते कामावर धरायचं की रजेवर? काम अर्धवट असताना ते स्वतःच्या मर्जीने निघालं, तर त्याला खुलासा कोणी विचारायचा? सुट्टीच्या दिवशी ते कोपऱ्यातच असतं, मग सोमवारी हजर झालं हे कशावरून? या प्रश्नांवर समिती इतकी सखोल बसली की स्वप्नालीच्या दोन ओळी पावसाळा संपेपर्यंत आल्या नाहीत.

त्या आल्या त्या घाईत. समाधान टॉवर नावाच्या सोसायटीचं मोठं काम आलं होतं. लॉबीत लावायला धावणारे सात घोडे, सहा फुटी तक्त्यावर. हे काम उतरलं की त्या बाजूच्या आणखी इमारतींची कामं मिळणार असं यतीनच्या डोक्यात होतं, आणि त्याला घोड्यांसारखीच घाई होती. नेमकं त्याच वेळी स्वप्नालीच्या भावाचं लग्न निघालं आणि ती उत्तनला माहेरी गेली. जाताना तिने यतीनला मोबाइलवर लिहून पाठवलं: जुना शेवट काढून टाक, हा नवा टाक. आधी झेड. मग एक्स, वाय.

इथे वाचकांना तीन नावं कळायला हवीत. मशीनचं डोकं तीन मोटरी हलवतात. एक्स त्याला लांबीत नेते, वाय रुंदीत नेते आणि झेड त्याला वरखाली करते. स्वप्नालीचं म्हणणं इतकंच होतं की आधी पातं लाकडातून वर उचला आणि मग घरी चला. पायातला काटा काढून मग चालावं, तसं.

यतीनने मजकूर वडिलांना दाखवला, कारण समितीने तसं ठरवलं होतं. काशीनाथांनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"झेड आधी?" ते म्हणाले. "कोणत्या नियमाने?"

"स्वप्नालीने लिहिलंय तसं."

"अरे, तिला लग्नाची गडबड. एक्स, वाय, झेड हा क्रम आहे. त्यात झेडची मोटर बघ केवढीशी. सगळ्यांत कनिष्ठ कर्मचारी आधी उठून उभा राहतो आणि ज्येष्ठ बसून बघतात, हे कुठल्या ऑफिसात चालतं?"

विशेष निमंत्रितांचं मत घेण्यात आलं. महिपत गंभीर झाला. "बरोबर हाय साहेबांचं. आमच्याकडं शिमग्याला पालखी निघते, तवा आधी मानकरी उठतो. बारक्यानं आधी उठायचंच नाय. एका वर्षी उठला एक जण, तर गावात दोन पालख्या झाल्या."

दुसऱ्या मशीनचा खर्च यतीनला परवडणारा नव्हता. शिवाय दारात टेम्पो हॉर्न वाजवत होता. त्याला लाकडातलं कळे, गिऱ्हाइकातलं कळे, टेम्पोवाल्यांतलं तर फारच कळे. प्रोग्राममधलं त्याने लग्नातच बायकोला देऊन टाकलं होतं. त्याने दुरुस्त केलेला क्रम टाइप केला: एक्स, वाय, झेड, सेवाज्येष्ठतेनुसार. काशीनाथांना फार दिवसांनी जेवण गोड लागलं. मशीन आपोआप जाणार हे खरं, पण ते आपल्या क्रमाने जाणार होतं, आणि क्रम लावणाऱ्याला खुर्ची लागतेच.

घोडे उत्तम उतरले. दुपारपर्यंत सातही तक्त्यावर दौडत होते, आयाळी उडत होत्या. अगदी शेवटी डोक्याने सर्वांत पुढच्या घोड्याच्या मानेवर अखेरचा काप घेतला, आणि काम संपलं.

मग नव्या आज्ञेप्रमाणे एक्स उठला. पातं लाकडातच होतं आणि फिरतही होतं, कारण त्याला उचलण्याची पाळी तिसरी होती. पहिल्या घोड्याच्या मानेतून डोकं दुसऱ्याच्या मानेत गेलं, दुसऱ्याच्या मानेतून तिसऱ्याच्या, आणि असं करत सातही माना ओलांडून ते तक्त्याच्या कडेला आलं. तिथून वायने पदभार स्वीकारला आणि कडेकडेने खाच पाडत त्याला कोपऱ्यात नेलं. तिथं पोचल्यावर झेडने अदबीने पातं वर उचललं. एकही चूक नव्हती. सांगितलेलं तंतोतंत करणारा कर्मचारी काय करू शकतो, हे काशीनाथांनी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं, पण लाकडावर उमटलेलं प्रथमच पाहिलं.

महिपत दोन पावलं मागे सरला. "साहेब," तो म्हणाला, "काम झालं."

या वेळी कोणी "पूर्ण झालं?" असं विचारलं नाही.

यतीन ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. वडिलांकडे न पाहता तो म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुम्ही घरीच थांबा."

काशीनाथांनी डबा पिशवीत घातला. पिशवीचा बंद दोनदा बांधला आणि दोनदा सुटला. घड्याळात तीन वाजले होते. घरी क्लास ऐन रंगात असणार होता, त्यामुळे आजच्यापुरतं केबिन रोडला दुकानांच्या पाट्या वाचत पाच वाजवता आले असते. पण उद्याचं काय? परवाचं काय? केबिन रोडला पाट्या तरी किती असणार. इतक्या वर्षांत कितीतरी जणांना त्यांनी मूळ पदावर पाठवलं होतं, आणि त्या जागी माणूस कसा जातो हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. महिपतला वाटलं, साहेब बटण दाबणार.

इतक्यात समाधान टॉवरचे सेक्रेटरी रोशनभाई आत आले. घोडे कुठवर आले ते बघायला ते रोजच येत. त्यांच्या मागे सोसायटीचे खजिनदारही होते. (सेक्रेटरी आणि खजिनदार एकमेकांना एकटं सोडत नाहीत, हा सहकाराचा पाया आहे.)

रोशनभाईंनी तक्ता पाहिला. "यतीनभाई, घोडा तो एकदम फर्स्ट क्लास. पण हे बीचमधे काय आहे? ये लकीर?"

यतीनने माफी मागण्यासाठी तोंड उघडलं. पण काशीनाथांच्या अंगात एका कार्यालयाची हयातभराची सवय होती. बाहेरच्या माणसाने चूक दाखवली की ती चूक नसते, तो निर्णय असतो. पिशवी हातात तशीच धरून ते उत्तरले, "ते जाणीवपूर्वक ठेवण्यात आलेलं आहे."

"मतलब?"

"लगाम आहे तो."

काशीनाथ पुढे बोलत गेले. पुढचं वाक्य काय आहे ते त्यांना स्वतःलाही ते बोलल्यावरच कळत होतं. "रोशनभाई, घोडे लॉबीत का लावतात? लक्ष्मी धावत यावी म्हणून. पण बिनलगामाचा घोडा जसा धावत येतो तसा धावत जातोही. तुमच्याकडे आधी घोडे होते?"

"होते ना! जुनं पोस्टर होतं, लिफ्टच्या बाजूला."

"लगाम होता?"

रोशनभाईंनी खजिनदारांकडे पाहिलं आणि खजिनदारांनी रोशनभाईंकडे. ते पोस्टर लागल्यापासून लिफ्ट दोनदा बसली होती, टाकी गळली होती, आणि रंगकामाचा ठेकेदार आगाऊ रक्कम घेऊन दिसेनासा झाला होता.

"तभी तो!" रोशनभाई म्हणाले.

"मैं तब से सोच रहा हूँ, पैसा गया कहाँ," खजिनदार म्हणाले. इतकी वर्षं त्यांना हाच प्रश्न विचारला जात होता, आणि आज प्रथमच त्यांना उत्तर मिळालं होतं.

काशीनाथांच्या खांद्यावरून कोणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं. यतीनने बापाकडे पाहिलं. लहानपणी शाळेच्या फीची मुदत संपल्यावर याच माणसाने हेडमास्तरांना मुदतीची व्याख्या विचारली होती, ते त्याला आठवलं असावं. त्याने पुढे होऊन वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला लावली.

पुढचं सगळ्या मीरा-भाईंदरला ठाऊक आहे. समाधान टॉवरच्या लॉबीत घोडे लागले आणि त्याच महिन्यात टाकी गळायची थांबली. (ती दुरुस्त केली होती, पण दुरुस्तीला श्रेय देण्याची पद्धत नाही.) शेजारच्या इमारतीने लगामवाले घोडे मागितले. तिच्या शेजारच्या इमारतीने दोन लगाम मागितले. मग घोड्यांवाचूनही खाच मागायला सुरुवात झाली. कुणाला देवघराच्या जाळीतून हवी, कुणाला दारावरच्या पाटीवर आडनावाच्या मधून. एका दंतवैद्याने दवाखान्याच्या पाटीवर दाढेच्या चित्रातून आरपार खाच मारून घेतली आणि त्याचे रोगी वाढल्याचं तो सांगतो. बिनखाचेचा तक्ता मागणारं गिऱ्हाईक आता दहांत एखादंच, आणि तेही बहुधा भाड्याने राहणारं.

स्वप्नाली लग्नाहून परतली. तिने समाधान टॉवरच्या घोड्यांचा फोटो पाहिला, एकदा जवळून आणि एकदा लांबून, आणि ती खाली बसून हसली. मग तिने उठून दोन ओळी बरोबर केल्या. मशीन आता काम संपताच पातं उचलतं आणि बघता बघता कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. लाकडाला ओरखडाही उमटत नाही.

"पण जाऊ देतंय कोण?" ती म्हणाली.

म्हणून कॉम्प्युटरमध्ये आता दोन शेवट आहेत. एकाचं नाव 'बरोबर' आणि दुसऱ्याचं 'बाबा'. 'बरोबर' दहांत एखाद्या वेळी लागतो. 'बाबा' दिवसभर चालतो, आणि खाच नेमकी कुठून जावी हे ठरवायला काशीनाथ खुर्चीत असतात. खुर्चीला आता हात आहेत. थोडा जादा दर पडतो तो यतीन 'लगाम सल्ला' म्हणून लावतो आणि गिऱ्हाईक तो वास्तुशास्त्राच्या खात्यात आनंदाने भरतं.

काशीनाथ मुळात प्रामाणिक होते. एकदा जेवताना त्यांच्याने राहवलं नाही. "हंसा, ती खाच चूक होती. मी क्रम चुकवला."

हंसाबाईंनी त्यांच्या पानात आमटी वाढली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगू नका."

"पण लोक फसतायत गं."

"लोक खूश आहेत. तुम्ही सांगितलंत तर ते खूश राहणार नाहीत, यतीनचा धंदा राहणार नाही, आणि तुम्ही सकाळी दहा वाजता माझ्या हॉलमध्ये असाल."

काशीनाथांनी आमटी भुरकली. ती नेहमीपेक्षा चांगली होती.

मग बेव्हर्ली पार्कातल्या त्यांच्या स्वतःच्याच इमारतीची वार्षिक सभा भरली. विषय क्रमांक सात: लॉबीत लगामयुक्त घोडे बसवणे. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या संचिताने, जी नुकतीच भाड्याने राहायला आली होती आणि जिला सभेत बोलायचा अधिकार नव्हता, मागून विचारलं, "घोडे ठीक आहेत हो. पण मानेतून ही खाच कशाला? चुकून पडल्यासारखी वाटत्ये."

सगळी सभा काशीनाथांकडे वळली. ते उठले. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. त्यांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत हंसाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आरीकामाच्या क्लासच्या बायका. एकजात सगळ्या त्यांच्याकडे रोखून पाहत होत्या. त्यांच्या बोटांना अजून सुयांची भोकं होती.

"नियमानुसार आहे," काशीनाथ म्हणाले आणि खाली बसले.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. इथवर वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर ते साहजिक आहे. पण त्या सभेत तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. खाच कशाला, हा प्रश्न संचिताच्या आधी तुमच्याच मनात आला होता. पण मागच्या टेबलावर बटाटेवडे आले होते आणि चटणी संपत आली होती, म्हणून तुम्ही ठरावाच्या बाजूने हात वर केलात. इतिवृत्तात तुमचं नाव सूचक म्हणून पडलंय की अनुमोदक म्हणून, तेवढं जाऊन बघून घ्या.